कोरड्या चारीची चाल

अनंतराव सोवनींनी धोंडिबाला पहिल्यांदा पाहिलं ते जिन्यात, आणि त्यांना वाटलं, हा मीटर बघायला आलेला माणूस असणार. खांद्याला काळी पिशवी, पिशवीतून डोकावणारा पेचकस, शर्टाच्या खिशात टेस्टर. कसबा पेठेतल्या त्या इमारतीत पहिल्या मजल्याच्या वळणावर तो भिंतीला टेकून उभा होता. वर दुसऱ्या मजल्यावर, सोवनी मास्तरांच्या पेटीच्या क्लासात, मुक्ताबाई भूपाचा एक पलटा घोटत होत्या. त्यांना त्या कामाला बसवून मास्तर दूध आणायला खाली उतरले होते.

"मीटर खाली आहेत," दुधाची पिशवी सांभाळत वर चढताना मास्तर म्हणाले.

"हो, बघितले की," तो म्हणाला आणि जागचा हलला नाही.

मुक्ताबाईंचा तास संपला. त्यांना निरोप द्यायला मास्तर दारापर्यंत आले, तर हा अजून तिथंच. चाळीस मिनिटं झाली होती.

"आपल्याला काही हवं होतं का?" मास्तरांनी विचारलं. मास्तरांना ओळखणारे या 'आपल्याला'पासून सावध असत. मास्तर खुशीत असले की समोरच्याला 'अरे' म्हणत, नाखूश असले की 'अहो' आणि डोकं फिरलं की 'आपण'. पण या माणसाला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

"मास्तर, तुमच्या पेटीतला एक सूर हलका वाजतोय," तो म्हणाला.

"हलका म्हणजे?"

"कमी. चौथी का पाचवी पट्टी असंल ती. दहा किलोला चार ग्रॅम कमी दाखवावं ना काट्यानं, तेवढा."

मास्तर एक्केचाळीस वर्षं पेटी शिकवत होते. गंधार उतरलाय हे त्यांना आठवडाभर ठाऊक होतं, आणि दुरुस्तीचा कंटाळा म्हणून ते स्वतःलाच ऐकू आलं नाही असं दाखवत होते. ते जिन्यातल्या परक्या माणसाने ग्रॅममध्ये मोजून सांगावं, याचा त्यांना राग आला. तरी त्यांनी त्याला आत बोलावलं. रागावण्यासाठी का होईना, माणूस समोर बसलेला बरा.

तो धोंडिबा लवांडे. राहणार मांजरी, वय अडतीस, धंदा इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांची दुरुस्ती. मार्केट यार्डातल्या गाळ्यांपासून वाणीदुकानांपर्यंत जिथे काटा खोटं बोलू लागतो, तिथे त्याला बोलावणं येई. नाव आजोबांचं होतं. त्याच्या वयाच्या पोरांची नावं सचिन नि राहुल असताना त्याच्या वाट्याला धोंडिबा आला आणि त्याने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

"काय शिकायचंय? भजन? नाट्यगीतं?"

"गेमचं संगीत."

"कसलं?"

"व्हिडिओ गेमचं. जुने असायचे बघा, टीव्हीला जोडायचे, कॅसेटवाले. तसल्या गेमचं."

"कोणत्या गेमचं पण?"

"तो गेम अजून न्हाय."

"म्हणजे कोणी तयार करतंय."

"न्हाय. कुणीच न्हाय करत."

"मग संगीत कशाचं?"

"त्याचंच," धोंडिबा म्हणाला. जणू मास्तरांनीच काहीतरी अवघड करून ठेवलं होतं.

मास्तर त्याला वाटेला लावणार होते. 'आपण' ओठावर आलंच होतं. तेवढ्यात त्याने विचारलं, "मास्तर, पन्नास वेळा ऐकली तरी कंटाळा येणार न्हाय, अशी चाल कशी करायची?"

"तशी चाल मला करता आली असती, तर मी दुसऱ्या मजल्यावर क्लास चालवत बसलो असतो का हो?"

धोंडिबाने मान डोलावली, चप्पल घातली आणि तो गेला. पण प्रश्न तिथेच बसून राहिला. एक्केचाळीस वर्षांत विद्यार्थ्यांनी परीक्षा कधी, सुट्टी किती, बहिणीच्या लग्नापर्यंत एक गाणं बसेल का, हे सगळं विचारलं होतं. असलं काही कोणी विचारलं नव्हतं. मास्तरांनी रात्री जेवताना दोनदा मीठ घेतलं. पुढच्या शनिवारी साडेचारला धोंडिबा पुन्हा जिन्यात दिसला, तेव्हा ते वैतागून म्हणाले, "आता आलाच आहात तर वर या."

*

न झालेल्या त्या गेमची गोष्ट मास्तरांना तुकड्यातुकड्याने कळली, आणि प्रत्येक तुकड्याला त्यांच्या कपाळावरची आठी एकेका रेघेने वाढली.

धोंडिबा दहा वर्षांचा असताना त्याच्या काकांनी, सर्जेरावांनी, गावात सगळ्यांच्या आधी जमीन विकली आणि रंगीत टीव्ही नि कॅसेटवाला गेम आणला. भावकीतली अकरा पोरं त्याच्यासमोर बसत. धोंडिबाचा नंबर शेवटचा. नंबर येईपर्यंत करायला काही नसे, म्हणून तो संगीत ऐके. पडद्यावरचा छोटा माणूस एका खोलीत शिरला की एक चाल लागे, दारातून बाहेर पडला की दुसरी. दुसरी पोरं उड्या मारत पुढे जात. धोंडिबाच्या हातात खेळ आला की तो छोटा माणूस मध्येच उभा राही.

"पुढं जा की, येड्या!" पोरं ओरडत.

"जातो. चाल पुरी होऊ दे."

पण चाल पुरी होतच नसे. ती फिरून तिथेच येई. मग कोणीतरी हातातून खेळ हिसकावून घेई.

"म्हणजे आपण खेळलाच नाहीत," मास्तर म्हणाले.

"उभा राहिलो की. ते बी खेळणंच हाय."

त्याच्या मनातल्या गेमचा नायक पाटकरी होता. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी कोणाच्या शेतात किती वेळ सोडायचं हे बघणारा माणूस. त्याचे आजोबा तेच काम करत. गेमची सुरुवात मांजरीच्या उसात, एका कोरड्या चारीत, म्हणजे शेतात पाणी नेणाऱ्या छोट्या पाटात होते. पाण्याची पाळी आहे आणि पाणी आलेलं नाही. पाटकरी खोरं खांद्यावर टाकून चारीने चालू लागतो, पाणी कोणी अडवलं ते बघायला. चारीवरून फाट्यावर, फाट्यावरून कालव्यावर, पुलांखालून, शहरातून, वर, वर, खडकवासल्याच्या धरणापर्यंत. तिथला दरवाजा बंद आहे आणि त्याची किल्ली कसबा पेठेत, तांबट आळीतल्या एका कारागिराकडे आहे. म्हणूनच धोंडिबा त्या दिवशी पेठेत आला होता, तांब्यावर हातोडा कसा पडतो ते ऐकायला. आणि परत जाताना वरून मुक्ताबाईंचा भूप त्याच्या कानावर पडला होता.

"शेवटी पाणी येतं का?" मास्तरांनी विचारलं, आणि विचारल्याबद्दल स्वतःवरच चिडले.

"ती चाल अजून झाली न्हाय."

*

शिष्य म्हणून धोंडिबा वाईट नव्हता, हीच अडचण होती. वाईट असता तर घालवता आला असता. कान सोन्याचा, बोटं सावकाश पण खरी. सांगितलेला पलटा पुढच्या शनिवारी बिनचूक आणायचा. पण त्याचे नियम होते, आणि ते सगळे मास्तरांच्या विद्येला आडवे जाणारे होते.

एकावेळी तीनच सूर वाजवायचे, कारण त्या जुन्या यंत्राला तीनच येत: एक चालीचा, एक खालून चालणारा, एक नुसता खडखडाट. भाता कमीजास्त करायचा नाही, कारण त्या यंत्रात आवाज लहानमोठा होत नसे.

"अहो, भाता म्हणजे पेटीचा श्वास!" मास्तर मांडीवर थाप मारत म्हणत. "एका दमात सपाट वाजवायचं, तर पेटी कशाला? भोंगा घ्या."

"गेमला श्वास नसतो मास्तर."

तबल्यावर बसणारा वैजनाथ हे ऐकून डग्ग्याच्या आड तोंड लपवी. तो सकाळी एका पतसंस्थेत काम करी आणि शनिवारी क्लासात ठेका धरी. त्याला धोंडिबा आवडला होता, कारण त्याच्यामुळे मास्तर बघण्यासारखे होत.

पण सगळ्यात मोठं भांडण होतं ते शेवटाचं.

मास्तरांनी त्याला चाल बांधायला शिकवलं. वर जाताना दिलेलं वचन खाली येताना कसं पाळायचं, तीच ओळ दुसऱ्यांदा आली की एकच सूर बदलून ती नवी कशी करायची, कुठे गप्प बसायचं. धोंडिबा हे सगळं घटाघटा प्यायला. 'कोरडी चारी' ही पहिली चाल तयार झाली, तेव्हा मास्तरांना नाइलाजाने कबूल करावं लागलं की ती चांगली आहे. चार ओळी, सव्वा मिनिटापेक्षा जरा जास्त. चालणाऱ्या माणसाच्या पावलाची लय, वर उन्हासारखा एक लांब सूर, आणि चौथी ओळ अशी वळायची की पुन्हा पहिली ऐकावीशी वाटावी.

"आता हिला तिहाई जोडू," मास्तर म्हणाले. "शेवटचा तुकडा तीनदा घ्यायचा आणि नेमकं समेवर येऊन थांबायचं. म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं, झालं. तो टाळी वाजवतो आणि घरी जातो."

"त्यानं घरी जाऊ नये, म्हणून तर चाल हाय."

"प्रत्येक गोष्टीला शेवट असतो, धोंडिबा."

"खोलीला नसतो. दार असतं."

"आपण," मास्तर म्हणाले, आणि वैजनाथने सावरून बसत तबला झाकला, "आपण पुढच्या शनिवारी या."

असं दीड वर्ष चाललं. आणखी वाईट म्हणजे ती चाल मास्तरांच्या डोक्यात जाऊन बसली. न संपणारी चाल डोक्यात गेली की बाहेर पडायला तिला वाट नसते. भाजी निवडताना, बँकेच्या रांगेत, दाढी करताना कोरडी चारी सुरूच. शेवटी ते न्हाणीघरात आरशासमोर उभे राहून तोंडानेच तिला तिहाई जोडत: धा, धा, धा. मग दोन तास शांतता मिळे.

"बाबा, परत चारी लागली का?" त्यांची मुलगी शेफाली बाहेरून विचारी. ती संगणकाच्या कंपनीत होती आणि घरून काम करी. "मीटिंग चालू आहे माझी. सगळे विचारतायत, कोण मारतंय कोणाला."

"त्याच्यासाठी बघ, तुझ्या कंपनीत कोणी गेम करतं का. एकदाचा गेम करून टाका आणि मला सोडवा."

"विचारलं मी त्याला. म्हणाला, ताई, घाई न्हाय."

"घाई नाही! मी बहात्तरीला आलो!"

*

त्या वर्षी गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाला महिना राहिला असताना मास्तर निकरावर आले. मधल्या काळात धोंडिबाने चौदा चाली केल्या होत्या आणि एकीलाही शेवट नव्हता. मास्तरांनी त्याला समोर बसवलं. वैजनाथ साक्षीला होता.

"कार्यक्रमात आपण वाजवायचं," मास्तर म्हणाले. "कोरडी चारी. तिहाई घ्यायची आणि समेवर यायचं. समेवर आलात, तर क्लास चालू. नाही आलात, तर मला जे येतं ते आपल्याला नको आहे असं मी समजेन, आणि आपला रामराम."

धोंडिबाने पेटीचं झाकण अलगद लावलं.

"घरी वाजवता येत न्हाय मास्तर," तो हळू म्हणाला. "आई म्हणती, काटा बिघडलाय का रं? बायको दार लावून घेती. यार्डात तर इचारूच नका. ऐकणारं हितंच हाय."

"म्हणून तर म्हणतोय. समेवर या."

"येतो," धोंडिबा म्हणाला.

चार आठवडे त्याने वैजनाथबरोबर तिहाई घोटली. ती अशी बसली की वैजनाथ मास्तरांना म्हणाला, "काट्यावर ठेवून बघा, एक मिलिग्रॅम इकडेतिकडे नाही." मास्तरांना कित्येक दिवसांनी बरं वाटलं. त्या आठवड्यात ते धोंडिबाला चुकून एकदा 'अरे' म्हणाले.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी, जवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. पन्नाससाठ माणसं, बहुतेक विद्यार्थी आणि त्यांना सोडायला आलेले. मास्तर पहिल्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर. मुक्ताबाईंनी एक अभंग वाजवला. मग धोंडिबा उठला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात टेस्टर तसाच. बसण्याआधी त्याने मास्तरांना वाकून नमस्कार केला.

त्याने कोरडी चारी सुरू केली. पहिल्या दोन ओळींत हॉल शांत झाला. चौथी ओळ वळली तशी मुक्ताबाईंची मान डोलली. मग तिहाई: तुकडा एकदा, दोनदा, तीनदा, आणि समेवर पेटी नि तबला असे एकत्र पडले की टाळ्या आपोआप उठल्या. मास्तरांनी डोळे मिटून श्वास सोडला.

श्वास अर्धा सुटला होता, तेवढ्यात त्यांना पहिली ओळ पुन्हा ऐकू आली.

धोंडिबा थांबला नव्हता. तिहाईचा शेवटचा ठोका जिथे पडला, तिथेच चालीचा पहिला सूर होता. त्याच ठोक्यावरून तो पुढे निघाला होता. वैजनाथने एका मात्रेपुरता मास्तरांकडे पाहिलं, खांदे उडवले आणि ठेका पकडला.

लोकांना गंमत वाटली. पुन्हा तिहाई आली, पुन्हा टाळ्या. पुन्हा पहिली ओळ. तिसऱ्यांदा टाळ्या चाचपडत वाजल्या. पाचव्यांदा एकाच माणसाने टाळी वाजवली आणि त्याने इकडेतिकडे बघून हात खाली घेतले. मास्तरांनी डोळे मोठे केले. हात हलवला. बोटाने गळ्यावर रेघ ओढली. धोंडिबाचे डोळे पट्ट्यांवर होते. तो चारीतून चालत होता, आणि पाणी अजून आलं नव्हतं.

"अहो सोवनी," मागून मुक्ताबाई कुजबुजल्या, "संपायचं कसं असतं याचं?"

"मला विचारू नका!"

"नाही, छान आहे हो. पण मला साडेसातची बस आहे."

आठ फेऱ्या झाल्या, नऊ झाल्या. हॉलचा शिपाई दारात येऊन किल्ल्या वाजवू लागला आणि त्याही लयीतच वाजू लागल्या. तेराव्या वेळेला मास्तरांच्या डोक्यात रक्त चढलं. बेचाळीस वर्षं, पन्नास माणसं, आणि हा मनुष्य! ते ताडकन उठले. खुर्ची कुरकुरली. शिपायाला बाजूला सारून ते दारातून बाहेर पडले.

त्यांचा पाय उंबऱ्यापलीकडे पडला आणि आतली चाल बदलली.

मास्तर व्हरांड्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी, होते तसे थांबले. आतून काहीतरी संथ येत होतं. त्यांनी कधी न ऐकलेली चाल. आणि तरी ओळखीची. भूप होता. मुक्ताबाईंचा पलटा होता तो, पण उलटा फिरवलेला, लांबवलेला, एखाद्याने मजलाभर खालून ऐकावा तसा. आणि त्यातला गंधार दरवेळी किंचित चुकवून, निसटता घेतलेला. दहा किलोला चार ग्रॅम कमी.

मास्तर दोन पावलं मागे, हॉलमध्ये आले. कोरडी चारी सुरू झाली.

बाहेर गेले. पुन्हा ती संथ चाल.

आता हॉलमध्ये हशा फुटला होता. वैजनाथ घाईघाईने ठेका बदलत होता आणि मानेनेच विनवत होता की मास्तर, एका जागी राहा. मास्तर आत आले. चारी. बाहेर गेले. ती संथ चाल. एक लहान मुलगी ओरडली, "परत! परत!"

वैजनाथने एका हाताने ठेका चालू ठेवून ओरडून सांगितलं, "मास्तर, काय ते एकदा ठरवा! माझे हात गळाले!"

मास्तर आत आले. न थांबता सरळ स्टेजवर चढले, धोंडिबाच्या शेजारी मांडी घालून बसले आणि त्यांनी भात्यावर तळवा ठेवून तो दाबून बंद केला. पेटी उसासा टाकून गप्प झाली.

"गेमला श्वास नसेल," मास्तर धापा टाकत म्हणाले. "पेटीला असतो."

टाळ्यांच्या गोंधळात धोंडिबा काय म्हणाला ते त्यांना ऐकू आलं नाही.

*

पुढच्या शनिवारी साडेचार वाजले, पाच वाजले, जिन्यात कोणी नव्हतं. मास्तरांनी दोनदा जाऊन पाहिलं. वैजनाथ आणि ते समोरासमोर बसून राहिले.

"सुटलात की," वैजनाथ म्हणाला. "तुमचीच अट होती. समेवर आला नाही तर रामराम."

मास्तर उठून तिसऱ्यांदा जिन्यात डोकावून आले.

"फक्त एक आहे," वैजनाथ पुढे म्हणाला. "सम तेरा वेळा आली, मास्तर. मी मोजत होतो. तेराही वेळा तो समेवर होता."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मुलांना शिकवताना ते नेहमी सांगत की शब्द तोलून वापरा. 'समेवर या' म्हणाले होते ते. अट घालताना 'थांबा' असं एकदाही म्हणाले नव्हते. बोटाने तीनदा मांडीवर ठोका देऊन त्यांनी ते पुन्हा तपासलं. नव्हतेच म्हणाले. आणि सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, हे धोंडिबाला पहिल्याच महिन्यात त्यांनीच शिकवलं होतं. पहिल्या मात्रेवर आलेल्या माणसाने पुढे दुसरीवर जाऊ नये तर काय करावं?

त्यांना इतका संताप आला की त्यांनी आतल्या खोलीतल्या शेफालीला हाक मारून धोंडिबाला फोन लावायला लावला.

"कुठं आहेस रे?"

पलीकडे यार्डातला गोंगाट. "मास्तर? मी... काट्यावर हाय. तुम्हीच म्हणाला व्हता ना. मी थांबलो न्हाय समेवर."

"थांबायचं ठरलं नव्हतं. यायचं ठरलं होतं."

"म्हंजे?"

"म्हणजे साडेपाच वाजतायत आणि वैजनाथ फुकट बसलाय. आणि ती दुसरी चाल. बाहेरची. ती कुठली?"

"जिन्याची," धोंडिबा म्हणाला. "पाटकरी किल्ली मागायला जातो, तवा जिन्यात थांबतो जरा वेळ."

"तिचा गंधार मुद्दाम उतरवलास?"

"तसाच वाजत व्हता की त्या दिवशी."

"अरे गाढवा, तो मी नंतर दुरुस्त करून घेतला!"

"ठावं हाय मला. पण जिन्यात अजून तसाच हाय."

मास्तरांनी फोन शेफालीच्या हातात दिला आणि ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खाली रस्त्यावर कोणीतरी चुकीच्या जागी गाडी लावत होतं. मास्तरांनी वाकून त्याला दोन शब्द सुनावले आणि मग त्यांना जरा बरं वाटलं.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. गेम अजून कोणी केलेला नाही. शेवटच्या चालीवरून, म्हणजे धरणाचा दरवाजा उघडतो तिथे पाणी किती जोरात यावं यावरून, दोघांचं सहा महिने भांडण चालू आहे. धोंडिबा आता बेचाळीस वर्षांचा आहे. तो आठवडाभर काटे दुरुस्त करतो आणि दर शनिवारी साडेचार वाजता मांजरीहून क्लासला येतो.